हिरवा पाण्याचा, तपकिरी तेलाचा

रंगाचे डबे संपायचे, पण रंगाचे किस्से काही संपत नसत! भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात मी फिटर होतो. आणीबाणी उठली, त्यानंतर हुकूम आला की प्रत्येक पाईपला ठरलेलाच रंग हवा. पाणी हिरवं, तेल तपकिरी, गॅस पिवळा, अ‍ॅसिड जांभळं. आणि ब्रश कोणाच्या हाती? करडी गावच्या डोमाजीच्या!

*

पिवळा रंग उरला म्हणून डोमाजीनं जिन्याचा कठडाही रंगवून टाकला. झालं! दुसऱ्या दिवसापासून सगळे भिंतीला घासत जिना चढू लागले. मी कठडा धरला, तर बॉयलरवाले नत्थूजी खालून ओरडले, "मराले जाता का जी? गॅस हाये त्यात!"

*

पोळ्याला तर कहरच! डोमाजीच्या बैलांची शिंगं गर्द जांभळी. अख्खं गाव वाहवा करत होतं आणि नत्थूजी दहा हात लांब उभे.

"काहून जी, बैलाचं भेव लागते का?" डोमाजीनं विचारलं.

"बैलाचं नाही बाप्पा, अ‍ॅसिडचं लागते!"

*

पण खरा किस्सा आमच्या सेफ्टी साहेबांचा. माणूस कडक! रंगाचा एक ओघळ दिसला की मेमो. एकदा हात धुवायला म्हणून त्यांनी पाईपचा कॉक सोडला, तो तेलाचा! शर्ट तेलानं न्हाला. मी हसणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू जिरलं.

"हिरवा आणि तपकिरी मला सारखाच दिसतो रे," साहेब मला आणि डोमाजीला हळूच म्हणाले. "वर कळलं तर नोकरी जाईल."

डोमाजीनं काळ्या रंगाचा डबा उघडला. दोन दिवसांत पाण्याच्या पाईपवर एक काळा पट्टा आला, तेलावर दोन, गॅसवर तीन, अ‍ॅसिडवर चार! साहेब पट्टे मोजत बिनधास्त फिरू लागले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

महिन्याभरात नागपूरहून इन्स्पेक्टर आले आणि नेमके त्या पट्ट्यांपाशी थांबले.

"हे तर रंगांच्या कोडमध्ये नाही. कशासाठी काढले?"

साहेब पांढरेफटक! तेवढ्यात डोमाजी हात जोडून पुढे झाला.

"माह्यासाठी जी. मले रंग समजतच नाही, म्हून सायबानं सोय करून देली."

इन्स्पेक्टरनी वर पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाईप लखलखत होते, एकही रंग चुकला नव्हता.

"मग हे सगळं रंगवलं कोणी?"

"म्याच जी!"