न भरलेलं बोडण

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच देवीशी लबाडी केली, आणि ती अजून चालू आहे.

आमच्याकडे बोडण भरतात. झाशीत ही चाल राखणारी मराठी घरं आता फारशी उरलेली नाहीत. सुवासिनी गोल बसतात, मधल्या परातीत पुरणाचे दिवे, दूध, दही, तूप, मध घालून सगळ्या मिळून हातांनी कालवतात. त्यांच्यात एक कुमारिका असते. त्या दिवशी तीच देवी. ती 'पुरे' म्हणेपर्यंत कुणी हात काढायचा नाही. लहानपणी मी कुमारिका व्हायचे तेव्हा मुद्दाम पुरे म्हणायचे नाही, आणि काकूंची कंबर मोडायची. धाकटा भाऊ दाराआडून डोकावायचा. पुरुषांनी बोडण बघायचं नसतं, म्हणून हाकलला जायचा.

हा भाऊ शिकायला अमेरिकेत गेला आणि व्हिसा संपल्यावरही तिथेच राहिला. चूक त्याचीच, मी काही त्याला साव ठरवत नाही. पुढे पकडला गेला, परत पाठवण्याचा हुकूमही निघाला. पण तोवर त्याचं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती, आणि दुसरा कुठला गुन्हा त्याच्या नावावर नव्हता. म्हणून तिथल्या अधिकाऱ्यानं तो हुकूम बाजूला ठेवून दिला. वर्षातून एकदा हजेरी द्यायची. अधिकारी कागद चाळायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. बाहेर पडल्या पडल्या भावाचा फोन यायचा, "ताई, एक साल और मिल गया." मग आमच्याकडे पेढे.

बाबांना ते पेढे कधी गोड लागले नाहीत. कचेरीत नोकरी झालेली. सरकारनं कुठला खटला चालवायचा आणि कुठला मागे घ्यायचा, याचे कागद जन्मभर त्यांच्या टेबलावरून गेले होते. ते म्हणायचे, "हक्कानं मिळालेलं कुणी काढून घेतलं तर भांडता येतं. हे मर्जीनं मिळालंय. मर्जी फिरली तर कुणाशी भांडणार?"

"तुमच्या तोंडून कधी शुभ निघायचं नाही," आई म्हणायची.

तिला वेगळंच दुःख होतं. तो एकदा तिथून निघाला की परत जाऊ शकणार नव्हता, म्हणून इतक्या वर्षांत घरी आलाच नव्हता. नात तिनं फक्त फोनवर पाहिलेली. तिनं लक्ष्मी तालाच्या काठी देवीच्या देवळात नवस बोलला: माझा मुलगा घरी येऊ दे, बोडण भरीन.

मग तिकडचं सरकार बदललं. बाजूला ठेवलेली सगळी प्रकरणं बाहेर काढा, असा वरून आदेश आला. भाऊ नेहमीसारखा मुलीला शाळेत सोडून हजेरीला गेला. अधिकारी तोच होता, पण त्यानं या वेळी कागद उघडलेच नाहीत. "आता माझ्या हातात काही नाही," म्हणाला आणि त्याला आत घेऊन गेला. दुपारी मुलगी शाळेच्या दारात बापाची वाट बघत उभी होती.

त्याला विमानानं दिल्लीला पाठवून दिलं. तिथून गाडीनं तो झाशीला आला तेव्हा त्याच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी होती. मनगटं बेड्यांनी काळीनिळी. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला घरात घेतलं. शेजारच्या चाची धावत आल्या. "चलो बहनजी, मोड़ा घरै तो आ गओ!" पोरगा घरी आला, हे तर खरंच. तरी मला त्यांच्या तोंडावर हात दाबावासा वाटला.

वहिनीचे कागद अजून रांगेत आहेत. ती देशाबाहेर पडली तर तिची रांगेतली जागा जाते. मुलगी एकटी येण्याएवढी मोठी नाही. भावाला निदान दहा वर्षं तिथे पाऊल टाकता येणार नाही. सुरुवातीला मुलगी फोनवर रोज विचारायची, उद्या तू घ्यायला येशील का? हल्ली विचारत नाही. मला ते जास्त लागतं.

नवरात्र आलं. मी आईला विचारलं, बोडण कधी? ती म्हणाली, डाळ चांगली मिळत नाही. पुढच्या नवरात्रात म्हणाली, सुवासिनी जमत नाहीत, एक तर मऊरानीपुरला गेलीय. एकादशीला पाण्याचा घोट न घेणारी ही बाई! शेवटी स्वयंपाकघरात मी तिला गाठलंच.

"आई, नवस राहिला तर देवी कोपते, हे तूच आम्हांला शिकवलंस ना?"

"कोपू दे." ती भाजी चिरत राहिली. "नवस फेडला नाही की दिलेलं ती परत घेते. घेऊ दे की. जिथून आणला तिथे नेऊन ठेवू दे त्याला." मग विळीवरचा हात थांबला. "मीच मेलीनं मागितलं गं. नुसतं, मुलगा घरी येऊ दे. लेकीसकट म्हणायचं सुचलंच नाही मला."

एवढ्या मोठ्या सरकारचा हुकूम तुझ्या नवसानं निघत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण मला रडूच आलं.

या वर्षी भावानंच माळ्यावरून परात काढली. तो आता छावणीजवळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. परात चिंच लावून घासली, मध आणला, डाळ आणली, शेजारच्या चाचींची नात कुमारिका म्हणून ठरवूनही आला.

"आई, बोडण भरून टाक," तो म्हणाला. "आता मी कुठे जात नाही."

बाबांनी पेपर खाली ठेवला. आई पदराला हात पुसत देवघरासमोर जाऊन उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत. भावाकडे बघितलं नाही. देवीकडे बघून अगदी कोरड्या आवाजात म्हणाली,

"पुढच्या वर्षी बघू."

भाऊ आल्यापासून पहिल्यांदाच आमच्यासमोर रडला. मी परात उचलून पुन्हा माळ्यावर ठेवली.