बोटांनी दिलेली साक्ष

सोमवारी तारीख होती आणि माझ्या हाती काहीच नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. कचेरीतली नोकरी सांभाळून मी नाशिकच्या बाल न्यायालयात, ज्यांचं कुणी नाही अशा मुलांची बाजू मांडायला बिनपगारी उभा राहत असे. ही मुलगी सात-आठ वर्षांची, मुकी-बहिरी, इगतपुरी स्टेशनवर एकटी सापडलेली. घर मिळालं नाही तर तिला मुंबईच्या संस्थेत पाठवावं लागेल, असं न्यायाधीशबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. इगतपुरीभोवतालची एकोणीस गावं मी पालथी घातली. शेवटी अहवालात ‘माहिती शून्य’ लिहिलं, आणि त्या शून्याची मला लाज वाटली.

शुक्रवारी, ती राहत होती त्या बालगृहाची रीतसर परवानगी काढून, तिचे कान तपासून आणले. परतताना गणपतीच्या देवळाशी थांबलो. देवाकडे मागायचा मला संकोच. आपलं काम आपण करावं. त्या दिवशी मात्र हात आपोआप जुळले. “माझं करून झालं. आता तूच तिची बाजू मांड,” एवढंच म्हणालो.

वळून पाहतो तर मुलगी हारवाल्या म्हातारीपाशी बसलेली. म्हातारीचा दोरा तुटला होता. पोरीने तो दोन बोटांत धरून क्षणात जोडून दिला.

“साहेब, कुठली हो ही?”

“तेच शोधतोय. एकोणीस गावं झाली.”

“गावं मोजली, पोरीची बोटं नाय पाहिली? ही गाठ हाराची नाय, मागावरची हाय. माझं माहेर मालेगावचं. लय धागे जोडलेत मी असे.”

शनिवारी पहिल्या एसटीने मुलीचा फोटो घेऊन मालेगाव गाठलं. चौथ्या गल्लीत, मागांच्या खडखडाटात, एका बाईने फोटो हिसकावला. “मनी अंडेर शे ही!” माझी लेक, माझी लेक म्हणत ती एकाच वेळी रडत आणि हसत होती. मनमाड स्टेशनच्या गर्दीत हात सुटला होता. पोर चुकून मुंबईच्या गाडीत चढली आणि इगतपुरीला उतरली होती.

सोमवारी न्यायालयात आईला पाहून मुलगी अशी धावली की वाटेतल्या शिपायाची टोपी उडाली. न्यायाधीशबाईही हसल्या, आणि कागद तपासून त्यांनी लेक आईच्या हवाली केली.

याला योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मी तिच्या वतीने बोलायला उभा होतो, पण साक्ष तिच्याच बोटांत होती. मी थकून थांबलो, तेव्हा ती साक्ष मला दिसली.

निघताना तिने माझ्या कोटाचं लोंबतं बटण पाहिलं आणि त्याच गाठीने पक्कं केलं. ते अजून निघालेलं नाही.