फ्रिजमधल्या दोन बाटल्या

आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कुणी हात घातला की मी ओरडते. पाहुण्यांवरसुद्धा. तिथे दही नाही, भाजी नाही, औषधाच्या बाटल्या असतात. माझ्या धाकट्या भावाला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात जन्मापासूनच नाही. आपल्याला लागलं की थोड्या वेळानं रक्त थांबतं. त्याचं आत कुठे सुटलं, सांध्यात, स्नायूत, तर वाहतच राहतं. मग तो घटक बाटलीतून शिरेत द्यावा लागतो. त्याला सगळे फॅक्टर म्हणतात.

आईकडून मुलाकडे येणारा आजार. आमची आई मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली. ती गेल्यावर भावानं आणि मी निर्मळ गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर अशा घरांतल्या माणसांना जमवायला सुरुवात केली. संस्थेची नोंदणी आहे, शिक्का आहे, पण खरं सांगायचं तर संस्था म्हणजे तो, मी आणि फ्रिज. केळीची वाडी सांभाळून तो घरोघर फिरतो. नवीन आयांना द्यायचं पत्रकही त्यानंच लिहिलं, त्यातली चित्रंही त्याचीच. चित्रातल्या माणसाला त्यानं स्वतःची मिशी लावली आहे.

दोन बाटल्या कायम राखीव, कुणा लेकराचं डोकं आपटलं तरच काढायच्या, हा नियम माझा. तीस वर्षं पालिकेच्या शाळेत काढली, नियम करायची खोड काही जात नाही. आणि बोलायचीही. मागच्या सभेत आगाशीच्या एका बाईनं मुलासाठी मिळालेल्या तीन बाटल्या घरी दडवून ठेवल्याचं कळलं, तेव्हा मी तिला चारचौघांत झाडलं. "इथे लेकरं तळमळतात आणि तू साठा करून बसतेस? जनाची नाही, मनाची तरी!" ती उठून गेली, बाटल्या तिच्याकडेच राहिल्या. भाऊ नंतर म्हणाला, "घाबरलेलं माणूस साठवतंच, ताई. बोलायला नको होतंस."

"तूच ओवाळ मग तिला," मी म्हटलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी सरकारी इस्पितळातला फॅक्टरचा साठा संपला. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. आमच्या कप्प्यात त्या दोनच राहिल्या होत्या. मी दिवसातून चार वेळा फ्रिज उघडून बघायचे. बाटल्या काय पळून जाणार होत्या? पण जीव थाऱ्यावर नव्हता. रोज वाटायचं, आज फोन येणार.

शनिवारी भाऊ वाडीतून जरा वाकून चालत आला. "काय रे?" विचारलं तर म्हणाला, "काल वाल जास्त झाले. पोट धरलंय." मी ओवा-हिंगाचं पाणी दिलं. रात्री शेकायला गरम पाण्याची पिशवी भरून दिली. त्यानं निमूट घेतली. एकीकडे मी त्याला खादाड म्हणून बोलून घेतलं.

रविवारी दुपारी फोन आलाच. चांदीपची बाई होती, चार वर्षांच्या पोराची आई. आमच्या संस्थेत येऊन तिला महिनाही झाला नव्हता. "ताई, ओट्यावरनं पडला. डोकं आपटलंय. उलटी नाय झाली, पन सारखा झोपाया लागलाय."

"झोपू देऊ नकोस. विरारला डॉक्टरांकडे आण, मी औषध घेऊन निघते."

आमच्या ओळखीच्या डॉक्टरांचं छोटं इस्पितळ आहे. फोन करून मी डब्यात बर्फ घातला. भाऊ पलंगावर गुडघा वर घेऊन पडला होता. मी म्हटलं, "एक नेते, एक असू दे घरात. उद्या दुसऱ्या कुणाचं काही झालं तर?"

"दोन्ही ने," तो म्हणाला. "डोक्याला अर्धं देतात का? ने म्हणतो ना!"

एवढ्या चढ्या आवाजात तो कधी बोलत नाही. मला राग आला. मी दोन्ही घेतल्या आणि दार आपटून निघाले.

पोराला औषध चढलं. अर्ध्या तासानं तो रडायला लागला, खायला मागू लागला. तपासणीत डोक्यात काही सापडलं नाही. त्याची आई सारखी बाकावरून उठून त्याचं डोकं चाचपून बघत होती. तिचं मन दुसरीकडे लागावं म्हणून मी पिशवीतलं पत्रक काढलं. मास्तरीणच मी, दुसरं काय सुचणार! "हे बघ, हे गुडघ्याचं. आणि हे नीट लक्षात ठेव. असा वाकून चालला, मांडी पोटाशी घेऊन झोपला, पाय सरळ करता येईना, आणि वर पोट दुखतं म्हणाला, तर ती पोटदुखी नव्हे. कमरेच्या आतल्या स्नायूत रक्त जातंय. शेक अजिबात द्यायचा नाही."

माझं बोट चित्रावर होतं. चित्रातला माणूस पलंगावर गुडघा वर घेऊन पडलेला. मिशी माझ्या भावाची.

"ताई, काय झालं?" ती विचारत होती. देवा रे, ओवा पाजला मी त्याला! पिशवी भरून दिली, शेक म्हणून!

घरी फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. निर्मळच्या जवळ, तेही फॅक्टर असलेलं घर एकच होतं. कोणत्या तोंडानं लावला तो फोन, माझं मला माहीत. आगाशीच्या बाईला मी अर्धंच सांगितलं असेल. तिनं मधेच विचारलं, "भाऊ घरीच आहेत ना? निघाले मी."

पुढचा पाऊण तास मी इस्पितळाच्या पायरीवर उभी होते. दिसेल त्या रिक्षात डोकावत होते. तो मेला असेल, असंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? घरी जाऊन कुणाला काय सांगायचं, इथपर्यंत विचार गेला होता.

रिक्षा आली. तो आडवा, पांढराफटक, पण डोळे उघडे. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात बर्फ आणि तिन्ही बाटल्या. ती माझ्याकडे न बघता आत गेली. त्या रात्रीपुरतं भागलं. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून आणखी बाटल्या निघाल्या. मंगळवारी सरकारी साठा आला.

बुधवारी मी कपडे आणायला घरी गेले. पलंगाखाली गरम पाण्याची पिशवी सापडली, तशीच भरलेली. त्यानं शेकलंच नव्हतं. म्हणजे पहिल्या रात्रीपासून त्याला ठाऊक होतं.

मी तशीच परत गेले. त्याची मांडी अजून बधिर होती. कधी सुधारेल, डॉक्टर सांगू शकत नव्हते. "का रे नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"शनिवारी सांगितलं असतं तर दोन्ही मला दिल्या असत्यास. रविवारी त्या पोराला काय, ओव्याचं पाणी?"

"मग आगाशीला मागायच्या!"

"मागणार होतो. पण तू तिला तसं बोललीस. माझी जीभ रेटेना."

मला रडू आलं. "निदान फोन आल्यावर तरी सांगायचंस. पोराचं डोकं आपटलंय हे कळल्यावर मी काही ठेवून घेतल्या नसत्या."

"माझं ठाऊक नसतानाही एक ठेवत होतीस," तो म्हणाला.

तेवढ्यात चांदीपची बाई आली. कडेवर पोर, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. पोर खाली ठेवून ती वाकली. "तुमी होतात म्हनून वाचला, ताई." मी पाय मागे घेतले. भावाकडे बघवेना. एक नाही, दोन्ही ठेवून घेतल्या असत्या मी.