टॅबलेटवरच्या मगरीने मला नापास केलं

माझी नात शीतल तलासरीकडच्या एका पाड्यावर दुसरीला शिकवते. शाळेत टॅबलेट आलेत, पोरं खेळता खेळता गणित शिकतात, म्हणाली. मी म्हटलं, खेळून गणित येत असतं तर मी चौथीत शाळा सोडली नसती. तर म्हणे, येऊन बघ. दिवाळी उरकली आणि निघाले.

कुणाला जायचं असेल तर डहाणू रोडहून सकाळची एसटी धरा, चारोटीला उतरा. भजी गरम असतात, चहा नुसता गोड. पुढे हायवेने तलासरीची जीप. भरल्याशिवाय हलत नाही. मी बसले की लवकर भरते. विवळवेढ्याला महालक्ष्मीला सगळ्यांनी हात जोडले, ड्रायव्हरनेसुद्धा, दोन्ही. तलासरीहून पाड्यापर्यंत रिक्षा मिळाली तर नशीब. मी चालले.

शाळेच्या दारात रंजू नावाच्या पोरीची आई उभी होती. आजी सोडून घरचे सगळे पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर निघालेले, ती रंजूला न्यायला आलेली. शीतल विनवत होती, पोरीला तिच्या आजीपाशी ठेव. बाईचं म्हणणं सरळ होतं: इथे ही तोंड उघडत नाही, तिथे धाकट्याला तरी सांभाळेल. मला पटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. अक्कल तेवढीच.

मला गप्प करायला शीतलने टॅबलेट हातात दिला. मगरीला बारा चिकू भरवायचे. जन्मभर वाडीत चिकू मोजले, पाच-पाच एका मुठीत उचलून. मगर ती काय! पाचही बोटं काचेवर टेकवली. चिकू सैरावैरा पळाले, मगर रडली. पुन्हा तेच, पुन्हा रडली. पोरं हसून जमिनीवर लोळायला लागली.

कोपऱ्यातून रंजू उठली. माझी चार बोटं तिने मुठीत दाबून धरली.

"एकच लाव, आजी. मी मोजते."

माझ्या बोटाने, मोठ्याने, बारापर्यंत मोजलं. मगर नाचली.

"आता तू मोज. चुकू नको."

आई दारातून बघत होती. हिला येतं का, तिने शीतलला विचारलं. खेळताना येतं, शीतल म्हणाली. बाईने पोरीच्या कपड्यांची पिशवी शीतलच्या हातात दिली.

"होळीला येऊन बघेन. तोवर ठेवते."

पोरीकडे न बघताच गेली. भट्टीचा ट्रक थांबला होता.

घरी आल्यावर दोन दिवस पाय दुखले. टॅबलेटने पोरं हुशार होतात का, ठाऊक नाही. मी झाले नाही. होळीनंतर शीतलचा फोन आला. रंजूची आई आली होती, रंजूने शंभरपर्यंत मोजून दाखवलं, पोर पाड्यावरच राहिली. आणि विचारत होती म्हणे, ती ढ आजी कधी येणार, तिचा अभ्यास मागे पडलाय.