अठरा संगणकांची सावड

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात मी नवा प्राध्यापक होतो आणि आपल्याला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. लॅबमधले अठरा जुने संगणक भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा लॅब सांभाळणाऱ्या ताईंचा चेहरा उतरला. कित्येक वर्षं पुसून, झटकून, सुटे भाग बदलून त्यांनीच ते चालते ठेवले होते. प्राचार्य म्हणाले, ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं शनिवारपर्यंत यांच्यावर डाग काढून स्वच्छ करून दाखवा, मग बघू.

मी ऐटीत पानांचे अठरा सारखे वाटे केले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरे संगणक आपला वाटा संपवून रिकामे बसले आणि खिडकीजवळचा सर्वांत थकलेला दहाव्याच पानावर कण्हत होता. त्याच्या चालीनं शनिवार काय, दिवाळी उजाडली असती. डबा उघडता उघडता ताई म्हणाल्या, “सर, आमच्या सोयगावकडं ज्वारी काढायला सावडीनं एकमेकांच्या शेतात जातात. तिथं आधी वाटे नाय करत कुणी. ज्याची पात, म्हंजे ओळ, काढून झाली, त्यानं पुढची धरायची.”

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

मग मी सगळ्या संगणकांचा एक ग्रुप केला. एका मुख्य संगणकानं हाक द्यायची, ‘मोकळं कोण आहे?’ जो आधी उत्तर देईल त्याला पंचवीस पानं. पण मी शहाण्यानं उत्तरंही ग्रुपवरच जाऊ दिली. एकाचं उत्तर दुसऱ्याला हाकच वाटायचं, की तोही उत्तर द्यायचा. घरच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असावा तसा गलका झाला आणि पान एकही हललं नाही. ताई हसून हसून भिंतीला टेकल्या. उत्तर फक्त विचारणाऱ्यालाच जाईल असं केलं आणि काम सुसाट सुटलं.

शनिवारी दुपारी सगळी पानं लख्ख होती. प्राचार्यांनी भंगाराच्या यादीवर काट मारली आणि ही युक्ती कुणाची, असं विचारलं. सकाळपासून घोकलेलं ‘माझी’ हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी ताईंकडे बोट दाखवलं, आणि मला इतका आनंद झाला की माझं मलाच नवल वाटलं.

“मग सोमवारचा तास तुम्हीच घ्या,” प्राचार्य त्यांना म्हणाले.

सोमवारी ताई पदर खोचून फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मागच्या बाकावर वही उघडून बसलो.