त्या दृश्यात मी अभिनय केला नाही

आमच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत एका सभासदाने लिहिले आहे की, ऐंशीच्या दशकात मिरकरवाडा बंदरात चित्रित झालेल्या त्या विचित्र चित्रपटात मी आयुष्यातला सर्वोत्तम अभिनय केला. हे विधान मी अमान्य करतो. बंदरावर दुसरी कथा चालते, ती अशी की मी भर जेटीवर रडलो. तीही खोटी आहे. मी रडलो नाही, आणि अभिनय तर मुळीच केला नाही.

तेव्हा मी बर्फाच्या कारखान्यात फोरमन होतो आणि हौशी नाटकांतून कामे करीत असे. मुंबईहून एक दाढीवाला दिग्दर्शक आला. त्याच्या कथेत नोकरीवरून गावी परतणारा एक माणूस होता, आणि प्रत्येक दृश्यात त्याचे काम वेगळाच इसम करी. एका दृश्यात तो शिंपी, दुसऱ्यात सत्तरीचा म्हातारा, तिसऱ्यात मी. एका ठिकाणी तो स्वतःच्या घराचे दार उघडतो आणि आत समुद्र असतो.

"याचा अर्थ काय?" मी विचारले.

"आपण आपणच आहोत, हे कशावरून?" तो म्हणाला.

मला हा प्रश्न पोरकट वाटला. कारखान्यात हजेरीपट होता, घरी रेशनकार्ड होते.

माझे दृश्य साधे होते. पत्र्याची ट्रंक घेऊन जेटीवर यायचे, तेथे जाळे सांधत बसलेल्या मित्राने मला ओळखायचे आणि मिठी मारायची. मित्राचे काम माझ्याच मित्राने करावे, असे मीच सुचवले. आम्ही एका वर्गात शिकलेले. तो पुढे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, झाला. कॅमेरा बर्फाच्या हातगाडीआड होता.

मी ट्रंक खाली ठेवली. "काय रे, म्हातारा झालास की," ठरल्याप्रमाणे म्हणालो.

त्याने सुई थांबवली नाही. "कोण पायजे तुम्हाला?"

वाक्य विसरला असेल, असे मी समजलो. नवख्याला सांभाळून घेणे हे जुन्या नटाचे काम. "अरे, मी. डोळे गेले का तुझे?"

"डोळे शाबूत हायत. तुम्हाला नाय ओळखत."

शेजारी मासे निवडणारी एक बाई रोज माझ्याकडून बर्फ नेई. तिला मी म्हणालो, "तुम्ही तरी सांगा याला."

"पाहुणे, ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा जरा."

कोणी हसले नाही. हसले असते तर मी सावध झालो असतो. मी तिथेच थांबायला हवे होते. थांबलो नाही, एवढी चूक मला मान्य आहे. मी म्हणालो, "तुझ्या थोरल्याला विषमज्वर झाला तेव्हा तू समुद्रात होतास, बायको बाळंत होऊन माहेरी होती. नऊ दिवस इस्पितळात त्याच्या उशाशी कोण होतं?"

तेव्हा सुई थांबली. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले.

"त्याची आई होती. दुसरं कोण नव्हतं."

यानंतर टाळ्या पडल्या. बाईने पाणी आणून दिले आणि म्हणाली, "भाऊ, राग धरू नका, त्या साहेबांनीच शिकवलं आम्हाला." दिग्दर्शकाने माफी मागितली, चेहऱ्यावरचा खरा गोंधळ हवा होता, म्हणाला. त्याला मी क्षमा केली. परक्याने केली ती फसवणूक. विश्वासघात आपलाच माणूस करू शकतो. मी दिग्दर्शकाला फक्त विचारले की मित्राचे ते शेवटचे वाक्य कोणाचे.

"त्यांचंच. मी फक्त 'ओळखू नका' एवढंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या ट्रॉलरवर गेलो. तो दोर गुंडाळत होता.

"ते वाक्य का बोललास?"

"तोंडात आलं."

"खोटं कसं तोंडात आलं?"

"सिनेमाच ना तो?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ते नऊ दिवस तू चारशे वेळा सांगितलेस. माझ्या बायकोसमोर, मेहुण्यांसमोर, खलाशांसमोर. एकदा तरी ते घडलंच नाही असं म्हणून बघावंसं वाटलं. बरं वाटलं."

चारशे वेळा मी सांगितलेले नाही. विषय निघाला तेव्हा सांगितले, आणि विषय पुष्कळदा तोच काढीत असे. त्या दिवसानंतर आम्ही बोललो नाही.

पुढे चित्रपट इथल्या थिएटरात रविवारी सकाळी लागला. निम्मे प्रेक्षक मध्यंतरात उठून गेले. काही दिवसांनी मित्राचा थोरला माझ्याकडे आला. तेव्हा तो मिरजोळ्याला एका कारखान्यात लागला होता.

"काका, ते इस्पितळाचं खरं होतं की लिहिलेलं?"

"बापाला विचार."

"विचारलं. ते म्हणतात, सिनेमातलं सगळं लिहिलेलंच असतं. आईला विचारलं तर ती बाबांकडे बघते."

"आणि तुला काय आठवतं?"

"ताप आठवतो. उशाशी कोणीतरी बोलत होतं, एवढंच."

मी त्याला बसवले आणि सांगितले. नऊही दिवस, क्रमाने. कपाळावरच्या पट्ट्या, पेजेचा डबा, सातव्या दिवशी त्याने मला बाबा म्हणून मारलेली हाक. तो मान किंचित कलती करून, अगदी मन लावून ऐकत होता.

"जबरदस्त," तो म्हणाला. "काका, एवढं सगळं पाठ होतं, तर त्यांनी सिनेमात का नाही घेतलं?"