दुसऱ्या बाकावरची आठवी

मी गणिताची शिक्षिका. पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले. वर्गात चाळीस मुलं असली तर ती चाळीसच असतात, एकेचाळीस होत नाहीत, असं मानणारी बाई. रस्त्यात उतरवलेलं लिंबू दिसलं तर शेजारणी वळसा घालून जातात, आणि मी त्याचं सरबत करीन म्हणून त्या मला चिडवतात. तरी हे लिहितेय. हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसले असते.

निमित्त असं झालं की आमच्या बऱ्हाणपूरच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायची ठरवली आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे हात जोडून मोकळे झाले. मी लिहिला. कौलं जाऊन स्लॅब कधी आला, कबड्डीत कोण जिंकलं, गॅदरिंगला पडदा कसा पेटला, सगळं लिहिलं. एक गोष्ट तेवढी वगळली. ती इथे सांगते.

शाळा लालबागला, म्हणजे गावाबाहेर, स्टेशनच्या बाजूला. लांबलचक कौलारू इमारत, पुढे चार कडुनिंब आणि घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा. आमचं घर सिंधीपुऱ्यात. तिथून टांग्यानं यायचं, गिरणीचा भोंगा होण्याच्या आत.

राज्यांची नवी मांडणी होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. सगळं एकत्र करायचे दिवस ते. हिंदीचा वर्ग आणि मराठीचा वर्ग एकत्र झाला, आणि त्याच झपाट्यात मुलांच्या त्या हायस्कुलात नववीला पहिल्यांदा मुली घेतल्या. आम्ही आठ जणी. अट होती — मुली किमान आठ हव्यात. कमी पडल्या तर हा उद्योग बंद, मुलींनी घरी बसावं. तालुक्यात मुलींना आठवीच्या पुढे दुसरी शाळा नव्हती.

आम्हाला वर्गात एकटंदुकटं जायची परवानगी नव्हती. कोपऱ्यातल्या एका खोलीत बसायचं. सर तास घ्यायला निघाले की त्यांच्या मागून ओळीनं, मान खाली घालून, पुढचीच्या टाचेकडे बघत वर्गात शिरायचं. खिडकीजवळचे दोन बाक आमचे, चार-चार जणींचे. तास संपला की पुन्हा सरांच्या मागून खोलीत. खोलीवर गंगूबाई म्हणून बाई होती. ती जाताना आम्हाला मोजायची, येताना मोजायची. शेळ्या मोजतात तसं, बोट दाखवून, मोठ्यानं.

दुसऱ्या बाकावर शेवटची जागा कुसुमची आणि तिच्या अलीकडची माझी. कुसुम म्हणजे माझी मामेबहीण. निंबोल्याला मामाची केळी होती. पाचवीपासून ती शिकायला आमच्याकडे राहायची. सुट्टीत बागेत राबून यायची, त्यामुळे तिच्या पोलक्याच्या बाह्यांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग असायचे. ते डाग कशानं म्हणजे कशानं जात नाहीत. मुलं हसायची, तर ही बाही उलटी दुमडून मोकळी. अभ्यासात माझ्यापेक्षा चार पावलं पुढे होती. हे मी आज कबूल करते, तेव्हा नाही केलं.

दिवाळीत तुकईथडहून स्थळ आलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा एकुलता एक. स्थळ माझ्यासाठी आलं होतं.

मी दोन दिवस जेवले नाही. आईच्या पायांवर डोकं ठेवून रडले. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझी दया आली, पण आलेलं चांगलं स्थळ घालवायचं कसं? तेव्हा मीच म्हणाले, "कुसुम आहे ना. ती माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे."

एवढंच म्हणाले. बाकीचं मोठ्या माणसांनी केलं. मामाला हुंड्याशिवाय मुलगी खपत होती, तो कशाला नाही म्हणेल? तुळशीचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत कुसुमचं झालं. जाताना तिनं आपली पुस्तकं माझ्या ट्रंकेत ठेवली.

"शालू, माझी जागा कोनाले देऊ नको हं," म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की वर्षभरानं ती परत येईल.

आता आम्ही सात उरलो. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी पटावरून कुसुमचं नाव कमी केलं नाही, गैरहजर मांडत राहिले. पण पौषात निरोप आला की खंडव्याहून इन्स्पेक्टर साहेब येणार आणि मुली स्वतःच्या डोळ्यांनी मोजून जाणार. सकाळी हेडमास्तर खोलीत आले. "पोरींनो, मी हात जोडून बघतो. पण आशा धरू नका," म्हणाले. गंगूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, बरी जिरली माझी. कुसुमला घालवून वाचवलेली शाळा कुसुमच नाही म्हणून चालली होती.

दुपारचा तास, भूगोल. सरांच्या मागून आम्ही निघालो. गंगूबाईनं मोजलं — सात. बसलो. माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी.

साहेब आले, टोपी, छडी आणि मागे हेडमास्तर. साहेब जबलपूरकडचे, अस्सल हिंदीवाले. थेट आमच्या बाकांसमोर उभे राहिले. "ताप्ती कहाँ से निकलती है?"

शेंबड्या पोराला येईल असा प्रश्न. पण आमच्या माना खाली. कोणी तोंड उघडेना. आणि मग माझ्या उजवीकडून आवाज आला —

"मुलताईतून निघते, अन् सुरतेपाशी समुद्राले मिळते."

"हिंदी नहीं आती?"

"येते. पन भेव वाटलं का मराठीच येते तोंडात."

अख्खा वर्ग हसला. साहेबही हसले. माझी मान खाली होती. बाकाच्या लाकडावर, माझ्या हातापासून चार बोटांवर, एक हात टेकलेला होता. बाही उलटी दुमडलेली. दुमडीच्या बाहेर केळीच्या चिकाचा डाग.

मी मान उचलली नाही. उलट तोंड डावीकडे वळवलं आणि घट्ट डोळे मिटले. साहेब पेन्सिलीनं मोजत होते, ते ऐकू येत होतं. "...छह, सात, आठ. ठीक है, मास्साब."

तास संपला. डोळे उघडले तेव्हा जागा रिकामी होती. सरांच्या मागून खोलीत आलो. गंगूबाईनं मोजलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं बाई, जातानी सात, येतानी बी सातच. मंग त्या साहेबानं आठ कुठून आनल्या?"

हेडमास्तरांनी मला बाहेर बोलावलं. विचारलं, "आठवी कोण होती?" मी म्हटलं, माहीत नाही सर. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जा, खोलीत जा." त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या वर्षी मुली पंधरा झाल्या, मग मोजायची गरजच उरली नाही.

माझ्या डावीकडे बसणारीला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, काल उत्तर कोणी दिलं गं? ती म्हणाली, "म्हणजे? तूच तर दिलंस."

हे मी घट्ट धरून ठेवलं. मीच बोलले असेन भीतीच्या भरात. साहेबांनी एक चुकून जास्त मोजली असेल, हात मला भास झाला असेल. झालं, गणित सुटलं! त्या हाताबद्दल मी कोणालाच सांगितलं नाही. आईला नाही, पुढे नवऱ्यालाही नाही. मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले.

कुसुम लग्नाकार्यात भेटायची. तिला चार मुलं झाली. मी लुगड्याची चौकशी करायचे, मुलांची करायचे आणि पंगतीत दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे.

मग उतारवयात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बऱ्हाणपूरला आली आणि आठ दिवस माझ्याकडे राहिली. एका दुपारी आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी. सहज बोलावं तसं म्हणाली, "शालू, तुले आठवते का व, शाळेत साहेब आले होते?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? मी होती ना तिथं." लसूण सोलायचं तिनं थांबवलं नाही. "तिकडं चुलीपाशी भाकरी थापत होती. धूर गेला डोळ्यात, मिटले, अन् पाह्यते तं वर्गात. ताप्तीचं विचारलं त्यानं. मी सांगितलं. इकडं भाकरीचा कोळसा झाला, सासूनं लय बोल लावले."

ती पुढे म्हणाली, "तुह्या बाजूलेच बसली होती मी. तू माह्या हाताकडं पाह्यलं. अन् तोंड फिरवून घेतलं."

साहेब आल्याचं, ताप्तीच्या उत्तराचं शाळेतलं कोणीही तिला सांगू शकलं असतं. हे नाही. हे फक्त मला माहीत होतं.

"घाबरले होते गं," मी म्हटलं.

"हो ना. मले बी तसंच वाटलं." मग तिनं विचारलं, "आठ भरल्या ना मंग?"

"भरल्या."

"चांगलं झालं बाई," म्हणाली आणि पाकळ्यांची साल ताटातून गोळा करायला लागली.

गेल्या श्रावणात कुसुम गेली, म्हणून आता हे लिहायला मोकळी झाले. तुकईथडच्या चुलीपाशी बसलेली पंधरा वर्षांची पोर लालबागच्या वर्गात कशी आली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मोजून झालं, ताळा करून झाला, जमत नाही. पण मी का बघितलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही होतं. भीती नव्हती ती. लाज होती. आणि तिनं इतक्या वर्षांनी आयती संधी दिली, तरी मी तिच्याशी खोटं बोलले.

हल्ली दुपारी लसूण सोलायला बसले की उजव्या हाताला थोडी जागा सोडते. आणि आता वळून बघते, दर वेळी बघते. तिथे कोणी नसतं.